अमेय म्हणतो

मंगलकाकू गेल्या त्या दुपारी त्यांच्या हॉलमध्ये बायकांच्या दोन पार्ट्या पडल्या. एक पार्टी म्हणत होती, "ह्याला काही कळत नाही, ते एका परीने बरंच आहे बाई." दुसरी म्हणत होती, "कळतं हो सगळं. बघा ना, डोळे कसे भरलेत." आणि ज्याच्यावरून हे चाललेलं तो अमेय, काकूंचा पंचविशीतला मुलगा, दोन्ही पार्ट्यांच्या मधोमध खुर्चीत बसून टॉवेलचं टोक चावत होता. डोळे भरलेले होते हे खरं. आदल्या दिवसापासून त्याला सर्दी होती हेही खरं. ते कशाने भरले होते मला माहीत नाही. त्या बायकांनाही माहीत नव्हतं. फरक एवढाच की मी गप्प बसले.

गप्प बसणं हा माझा स्वभाव नाही. मी अपंगांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या एका छोट्या संघटनेत आहे. पत्रकं लिहिते, घोषणा लिहिते, निवेदनं घेऊन महापालिकेच्या पायऱ्यांवर बसते. राग येणं हे माझं कामच आहे म्हणा. त्या दिवशीही आला. पण काकू असत्या तर त्या ओरडल्या नसत्या. त्यांनी दोन्ही पार्ट्यांना एकच प्रश्न विचारला असता: "तुम्हाला कसं कळलं?" एवढंच. हा प्रश्न विचारायला त्या ज्या रस्त्याने शिकल्या तो रस्ता वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये. म्हणून हे लिहितेय. काकूंचं चरित्र नाही. ते त्यांना आवडलं नसतं, आणि मला ते सगळं माहीतही नाही.

डोंबिवली पूर्वेला आमची आणि काकूंची एकच बिल्डिंग. त्या वर, आम्ही बरोबर त्यांच्या खाली. माहेर खडवलीचं, सासर रत्नागिरीकडचं, आणि जीभ अस्सल डोंबिवलीची. काकू ठेंगण्या, झपझप चालणाऱ्या. घरी दहावीच्या मुलांना मराठी शिकवायच्या. समोर मुलं निबंध लिहितायत आणि ह्या गवार मोडतायत, हे चित्र मी लहानपणापासून बघितलेलं. सोसायटीच्या नोटिस बोर्डावर लागलेल्या प्रत्येक नोटिशीतल्या चुका त्या लाल पेनाने दुरुस्त करायच्या. सेक्रेटरी चिडायचे. त्यांनी बोर्डाला काच बसवली, तर काकूंनी काचेवर स्केचपेनने दुरुस्त केलं.

अमेय बोलत नाही. डॉक्टरांच्या कागदावर 'स्वमग्न' हा शब्द आहे आणि पुढे आणखी लांबलांब शब्द आहेत. तो चवड्यांवर चालतो. घशातून एक सूर काढतो, कधी खालचा, कधी एकदम वरचा. बिल्डिंगमध्ये कुठेही कुकरची शिट्टी झाली की जिथे असेल तिथे थांबतो. लहान असताना विठ्ठलवाडीच्या एका खास शाळेत जायचा. तिथल्या बाईंनी काकूंना सांगितलेलं, "फार आशा ठेवू नका." काकूंनी त्या बाईंचं नाव पुढे कधीही घेतलं नाही. 'त्या आशावाल्या' एवढंच म्हणायच्या.

त्यांचा एक नियम होता. अमेयसमोर अमेयबद्दल बोलायचं नाही. बोलायचं तर त्याच्याशी बोला. हॉटेलात वेटरने "ह्यांना काय आणू?" असं काकूंना विचारलं की काकू मेन्यू कार्ड अमेयसमोर धरायच्या आणि वेटरला म्हणायच्या, "त्याला विचारा ना. तो बसलाय की समोर." वेटर बिचारा अमेयला विचारायचा. अमेय पंख्याकडे बघायचा. काका कपाळाला हात लावून म्हणायचे, "अगं, डोसा सांग आणि सोड त्या माणसाला."

सोसायटीच्या मीटिंगमध्ये एकदा तक्रार आली की अमेय दुपारी आवाज करतो, लोकांची झोपमोड होते. काकू मीटिंगला आल्या त्या अमेयला घेऊनच. सेक्रेटरी म्हणाले, "वहिनी, त्याला कशाला आणलंत? त्याला काय कळणार आहे इथलं?"

"तुमच्या मीटिंगमधलं मलाही काही कळत नाही," काकू म्हणाल्या, "तरी दर वेळेला बसतेच ना मी?"

सगळे हसले. तक्रार तिथेच बारगळली. मी तेव्हा कॉलेजात होते, मागच्या खुर्चीत बसलेले. तेवढ्या एका वाक्यामुळे मी पुढे ह्या कामात आले असं म्हटलं तर खोटं होणार नाही. मी संघटनेत जायला लागले तेव्हापासून काकू मला 'मोर्चावाली' म्हणायच्या. "काय गं मोर्चावाली, आज कोणाचा पुतळा जाळून आलीस?"

मग बाळकुमचं ते शिबिर झालं.

बाळकुमला एका मोठ्या कॉम्प्लेक्सच्या हॉलमध्ये एक मॅडम अशा न बोलणाऱ्या मुलांच्या पालकांना शिकवायच्या. पद्धत अशी: पुठ्ठ्यावर अक्षरं लिहायची, शेजारी काना, मात्रा, वेलांटी. मुलाचं मनगट आपण हलक्या हाताने धरायचं, नुसता आधार म्हणून. मुलाचं बोट अक्षरांवर जातं आणि शब्द तयार होतो. मॅडमचं म्हणणं, ह्या मुलांच्या मनात सगळं आहे, हात त्यांच्या ताब्यात नाही, आपण फक्त आधार द्यायचा. एक अट होती. शंका घ्यायची नाही. शंका घेतली की मुलाला ती जाणवते आणि तो मिटतो.

पहिल्या दिवशी अमेयच्या बोटाने 'आई' लिहिलं. काकू रिक्षाने थेट आमच्या घरी आल्या, वर स्वतःच्या घरी न जाता. माझ्या आईच्या गळ्यात पडून त्या जे रडल्या ते मी विसरू शकत नाही. अमेय दारात उभा राहून आमच्या पायपुसण्याकडे बघत होता.

पुढची काही वर्षं ते घर बदलून गेलं. काकूंचं कुठलंही वाक्य 'अमेय म्हणतो' ने सुरू व्हायला लागलं. अमेय म्हणतो आज आमटी पचपचीत झाली. अमेय म्हणतो हॉलला पिवळा रंग नको. अमेय म्हणतो बाबांनी सिगारेट सोडावी. काका गॅलरीत सिगारेट विझवत मला म्हणायचे, "बघ, दोघांनी मिळून मला धरलाय." त्यांनी थट्टा केली, पण अडवलं कधीच नाही. घरात हसू आलेलं होतं, ते कोण कशाला मोडेल?

अमेयची वाक्यं सुंदर असायची. शुद्ध. ऱ्हस्व-दीर्घ बरोबर. शेवटी पूर्णविराम. लोक विचारायचे, ह्याला शिकवलं कोणी? काकू अभिमानाने म्हणायच्या, "दहावीच्या किती बॅचेस ऐकल्यात त्याने ह्या खोलीत!" एकदा त्याने लिहिलं, 'आई, तू फार दमतेस.' ते वाक्य काकूंनी महिनाभर सगळ्यांना सांगितलं. भाजीवालीलासुद्धा.

आणि एकदा लिहिलं, 'मी आत आहे.'

हे वाक्य आमच्या संघटनेने उचललं. उचलणारच. तीन शब्द, आणि ऐकणाऱ्याच्या छातीत जातात. पत्रकाच्या वर मोठ्या टाइपात 'मी आत आहे', खाली अमेयचं नाव, त्याखाली आमच्या मागण्या. ठाण्यापासून कल्याणपर्यंत आम्ही ती पत्रकं वाटली. लोक थांबून वाचायचे. एका मोर्चात तर बायकांनी त्याची घोषणाच केली. काकू अमेयचा हात धरून सगळ्यात पुढे होत्या. अमेयने दोन्ही कान हातांनी दाबून धरलेले.

त्याचं कान दाबणंही आम्ही तेव्हा 'भावना अनावर झाल्या' असंच वाचलं. असो.

त्या वर्षी काकूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. डोळ्याला जपायचं म्हणून अमेयला थोडे दिवस खडवलीला मामाकडे ठेवलं. त्याला तिथे आवडतं असं सगळ्यांचं मत होतं. नदी आहे, मोकळं आहे. मामीचा रोज फोन यायचा, "छान आहे हो, जेवतो, झोपतो. उद्या नदीवर नेतो त्याला."

तो परत आला त्या दुपारी मी तिथेच होते. नव्या पत्रकासाठी अमेयचं एक वाक्य मिळालं तर बघायला गेलेले. मामा त्याला सोडून खालच्या खाली गेले होते. अमेय किरकिर करत होता, सूर वरचा लागलेला. काकू म्हणाल्या, "प्रवासाने दमलाय. बस राजा. आधी सांग मला, काय काय केलंस मामाकडे?" त्यांनी पुठ्ठा पुढे घेतला, मनगट धरलं.

अमेयचा हात खाली जात होता. पुठ्ठ्यावरून सरकून खाली, पायाकडे. काकूंनी तो उचलून वर आणला. तो पुन्हा खाली गेला. "थांब ना, आधी वाक्य पुरं कर," काकू म्हणाल्या आणि पुन्हा वर आणला. हे किती वेळा झालं मी मोजलं नाही. मी तर पेन उघडून बसलेले.

वाक्य झालं. 'नदीवर गेलो. पाण्यात पाय सोडून बसलो. खूप मजा आली.'

"बघ," काकू मला म्हणाल्या, "पाण्यात पाय सोडून! कसं लिहितो गं हा!"

संध्याकाळी काकांनी त्याचे मोजे काढले. डाव्या पायावर, बोटांच्या वर, तळहाताएवढी जागा भाजलेली. फोड फुटून मोज्याला चिकटलेला. मामीला फोन लावला तर ती रडायलाच लागली. आंघोळीचं कढत पाणी काढताना पातेलं कलंडलं होतं. मलम लावलं, वर मोजा घातला. "ताई, तुमचा डोळा नाजूक, म्हणून फोनवर सांगितलं नाही हो. नदीवर कसली नेतेय त्याला? पाय टेकत नव्हता पोर."

मला हे काकांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं. मी वर गेले. काकू पुठ्ठा समोर ठेवून बसलेल्या, पण त्याला हात लावत नव्हत्या.

"नदी मामीने मला सांगितलेली," त्या म्हणाल्या. "फोनवर. पाय सोडून आम्ही बसायचो, लहानपणी, मी आणि दादा. त्याचा पाय जळत होता गं. तो मला दाखवत होता. आणि मी त्याचा हात धरून त्याच्याकडून मजा आली असं लिहून घेत होते."

मी म्हटलं, एखाद्या वेळी चूक होऊ शकते, म्हणून सगळंच कसं खोटं ठरेल? मला पटवायचं होतं. काकूंना आणि स्वतःलाही.

"मग बघू या," त्या म्हणाल्या.

त्यांनीच युक्ती काढली. काकू गॅलरीत दार लावून उभ्या राहणार. मी आत अमेयला एक वस्तू दाखवणार, त्याच्या हातात देणार, ठेवून देणार. मग काकू येऊन मनगट धरणार आणि तो लिहिणार. आणि त्या मला बजावून म्हणाल्या, "मधूनच मला खोटं सांगायचं. त्याला एक दाखव, मला दुसरं सांग. आणि चेहरा सरळ ठेव, मोर्चावाली. तुझ्या तोंडावर लगेच दिसतं."

मी अमेयला कंगवा दिला, काकूंना काहीच सांगितलं नाही. पुठ्ठ्यावर आलं, 'चमचा'. मी घड्याळ दिलं. आलं, 'पुस्तक'. मग मी त्याला किल्ल्या दिल्या. त्याला किल्ल्या आवडतात, त्याने त्या कानाजवळ नेऊन वाजवल्या. काकूंना मी सांगितलं, रुमाल दाखवला. काकूंनी मनगट धरलं. त्यांचा हात मला अगदी स्थिर दिसत होता. खरंच सांगते, कुठे ढकलल्यासारखं, ओढल्यासारखं काही नव्हतं. बोट 'रु' वर गेलं, मग 'मा' वर.

'ल' यायच्या आत काकूंनी हात सोडला.

"पुरे," म्हणाल्या.

 मग त्या म्हणाल्या, "कॉलेजात आम्ही मैत्रिणी प्लँचेट करायचो. वाटीवर बोटं ठेवून. कोणी ढकलत नसायचं. शपथेवर सांगते, कोणीच नाही. आणि वाटी फिरायची."

काका दारात उभे होते. ते आत आले आणि त्यांनी तो पुठ्ठा उचलून कपाटाच्या वर टाकला. काकू म्हणाल्या, "अहो, टाकून द्या. वर नको. स्टूल घेतलं की माझा हात पुरतो तिथे."

ह्यानंतर काकूंनी जे केलं त्याला माझ्या शब्दकोशात धैर्य म्हणतात. त्यांच्या शब्दकोशात त्याला चूक दुरुस्त करणं म्हणत असणार, लाल पेनाने. त्या ठाण्याला आमच्या संघटनेच्या मीटिंगला आल्या आणि उभ्या राहून म्हणाल्या, "ते वाक्य अमेयचं नाही. माझं आहे. ते पत्रक मागे घ्या."

आमच्या ज्येष्ठ मंडळींचे चेहरे बघण्यासारखे झाले. एक साहेब म्हणाले, "मंगलताई, तुमच्या भावना समजतात. पण आत्ता नको. आत्ता मागण्यांचा निकाल तोंडावर आहे. हे बाहेर गेलं तर लोक म्हणतील ह्या मुलांना काही कळतच नाही. सगळ्यांचं नुकसान होईल."

बाळकुमच्या मॅडमही आलेल्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही परीक्षा घेतलीत ना त्याची? मी सांगितलं होतं. तुमचा विश्वास कमी पडला."

काकूंचा आवाज एरवी खणखणीत. त्या दिवशी अगदी हळू आला. "विश्वास होता, मॅडम. पुष्कळ होता. म्हणूनच भाजलेला पाय दिसला नाही."

मागून कोणीतरी म्हणालं, "म्हणजे त्याला काही कळत नाही, असंच ना शेवटी?"

काकू गर्रकन वळल्या. "मी खोटी ठरले. तो कुठे ठरला? तो तर खरं तेच सांगत होता. पायाकडे हात नेत होता. आणखी काय सांगायचं माणसाने?"

पत्रक मागे घेतलं नाही. नवीन छापलं नाही, एवढंच. जुनी बंडलं संपेपर्यंत वाटली गेली. मी भांडले, थोडीफार बदनाम झाले, पण ही गोष्ट माझी नाही. मला अजूनही समजत नाही की ज्यांनी आयुष्यभर 'आमचं ऐका' म्हणून घोषणा दिल्या, त्यांना एक बाई खरं सांगतेय ते ऐकता का येऊ नये. आणि एखाद्या माणसाला मन आहे हे पटायला त्याने आधी शुद्ध मराठीत सुविचार लिहिलाच पाहिजे, ही अट कोणी घातली? रस्त्यावरचं कुत्रं आपल्याला बघून शेपूट हलवतं, तेव्हा आपण त्याच्याकडे निबंध मागतो का? अमेयला मात्र मागितला. आधी 'त्या आशावाल्यांनी' त्याला रिकामा ठरवला, आणि मग आम्ही सगळ्यांनी मिळून त्याला भरून टाकला. त्याच्यात काय आहे हे बघायला दोन्ही वेळा कोणी थांबलं नाही.

त्यानंतरचे काही महिने काकू घराबाहेर पडल्या नाहीत. शिकवण्या बंद केल्या. नोटिस बोर्डावर चुका तशाच राहायला लागल्या. सेक्रेटरींनी स्वतः मला जिन्यात गाठून विचारलं, "वहिनी बऱ्या आहेत ना?"

मी एकदा वर गेले तर त्या तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "माझा मुलगा गेला गं."

मी घाबरून आतल्या खोलीकडे बघितलं. अमेय पलंगावर बसून किल्ल्या वाजवत होता.

"हा नाही. तो, जो बोलायचा. मला चेष्टेने काय काय म्हणायचा. बाबांना रागवायचा. मोठा झालेला गं तो, माझ्याशी वाद घालायचा कधीकधी." त्यांनी एक खडा बाजूला काढला. "सांत्वनाला कोण येणार? मुलगा तर घरात जेवतोय."

मीही त्यांच्याबरोबर तांदूळ निवडायला बसले.

"आणि ते वाक्य आठवतं? आई, तू फार दमतेस. ह्या घरात मला कधी कोणी विचारलं नव्हतं, दमलीस का म्हणून. हे चांगले आहेत, पण ह्यांना सुचत नाही. मग मीच विचारलं मला. त्याच्या हाताने." त्या हसल्या. तो हसण्याचा आवाज मला नको होता. "मी आत आहे म्हणे. आत कोण होतं? मीच होते."

त्या अशाच मिटून जातील असं मला वाटलेलं. तसं झालं नाही. काकूंनी पुन्हा पहिलीपासून सुरुवात केली, आणि ह्या वेळी विद्यार्थी त्या होत्या.

अमेयसमोर दोन गोष्टी ठेवायच्या. केळं आणि बिस्किट, समजा. विचारायचं. आणि मग काही करायचं नाही. हे काही न करणं त्यांना भयंकर जड जायचं. हात आपोआप पुढे यायचे, म्हणून त्या खुर्चीत स्वतःच्या तळहातांवर बसायला लागल्या. अक्षरशः. दोन्ही हात मांडीखाली दाबून, जिभेचं टोक दातांत धरून. अमेय बहुतेक वेळा काहीच घ्यायचा नाही. उठून जायचा. पंख्याकडे बघायचा. काका म्हणायचे, "अगं, दे ना त्याला केळं. भूक लागली असेल."

"तुम्हाला कसं कळलं?"

तेव्हापासूनचा हा प्रश्न. काकांना, मला, डॉक्टरांना, आणि सगळ्यात जास्त स्वतःला. अमेयने सूर काढला आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "खूश आहे आज," की लगेच स्वतःच्याच गालावर हळूच चापट मारून म्हणायच्या, "मंगल, तुला कसं कळलं?" मग बघायच्या. शिट्टी झाली होती का, कोणाच्या घरची, तो कुठे उभा आहे, पाय टेकतोय की चवड्यावर. 'अमेय म्हणतो' हे शब्द त्या घरातून पार गेले. त्याजागी आलं, "अमेय गॅलरीत गेला. का ते माहीत नाही."

'माहीत नाही' हे दोन शब्द त्या ज्या मानाने उच्चारायच्या, तसे मी कोणाच्या तोंडून ऐकलेले नाहीत. एखाद्याच्या खोलीत शिरण्याआधी दारावर टकटक करावी, तसे.

एकदा मी विचारलं, "काकू, पण तो कधीच काही बोलला नाही तर?"

"तर नाही बोलला. मला एकदाच त्याच्याकडून काहीतरी ऐकायचंय गं. बरं, वाईट, काहीही. फक्त ते माझं नको. त्याचं हवं." मग नेहमीच्या आवाजात, "आणि तू ते छापायचं नाहीस, सांगून ठेवते."

आजार आला तो उशिरा कळला. पोटात दुखतंय हे त्या अंगावर काढत राहिल्या. कोणी विचारलं नव्हतं, दमलीस का म्हणून. ठाण्याला दवाखान्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. वजन उतरलं. गवार मोडायलाही बसवेना. त्या काळात त्यांना एकच घोर होता, आपल्यामागे अमेयला कोण वाचणार. काकांना त्या तासन् तास शिकवायच्या: वरचा सूर म्हणजे दुखतंय असं समजू नका, आधी मोजे काढून बघा. हात जिकडे जातो तिकडे बघा. घाई करू नका. काका मान डोलवायचे. शेवटी शेवटी काका विचारल्यावर थांबायला शिकले होते. तेवढ्यासाठी मी काकांना पैकीच्या पैकी मार्क देते.

ज्या सकाळी त्यांना भरती करायला नेलं, त्या सकाळी मी वर गेले होते. पिशव्या दारात. खाली गाडी येऊन थांबलेली. काका घाईत, फोन कानाला. अमेय गॅलरीच्या दाराशी उभा. काकू खुर्चीत, शाल गुंडाळून. ह्या वेळी परत येणं अवघड आहे हे त्यांना माहीत होतं. आम्हा सगळ्यांनाच माहीत होतं. फक्त अमेयला माहीत होतं की नाही, ते माहीत नव्हतं.

"अमेय," त्या म्हणाल्या, "मी दवाखान्यात चाललेय. बरेच दिवस. खाली सोडायला येतोस?"

आणि थांबल्या.

काका म्हणाले, "अगं, उशीर होतोय. मी आणतो त्याला हात धरून."

"थांबा. विचारलंय त्याला."

मला ते सहन होत नव्हतं. मी मनात म्हणत होते, ये रे. एकदा ये. दोन पावलं आहेत. आई चाललीये तुझी. मी त्याचा दंड धरून त्याला आणलं असतं तर काकूंच्या चेहऱ्यावर काय आलं असतं, मला दिसत होतं. कोणीही ते केलं असतं. कोणालाही ते चांगलंच वाटलं असतं.

अमेयने काकूंकडे बघितलं. आता हा अर्थ मी लावलेला नाही, दिसलं ते सांगतेय. त्याने मान वळवली आणि त्यांच्याकडे बघितलं, शिट्टी ऐकताना थांबतो तसा थांबून. मग तो चवड्यांवर चालत त्यांच्या जवळून गेला, आपल्या खोलीत गेला, आणि त्याने आतून दार लोटून घेतलं. कडीचा आवाज आला.

त्याने असं कधी केलं नव्हतं. कडी त्याला लावता येते हेच आम्हाला माहीत नव्हतं.

काका पुढे झाले, "अरे अमेय..." काकूंनी त्यांचा शर्ट धरला. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं, ते त्या पुसत नव्हत्या.

"नाही म्हणाला," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, "काकू, त्याला वाईट वाटत असेल म्हणून..."

"तुला कसं कळलं?" त्या मायेने म्हणाल्या. "ते त्याचं त्याला. मला एवढंच कळलं, मी ये म्हणत होते, आणि तो नाही म्हणाला. हे माझं नाही गं. मी असं कधी लिहिलं नसतं."

त्या उठल्या. बंद दारापाशी एक क्षण थांबल्या. हात उचलला, पण दाराला लावला नाही. "बरं," दाराकडे बघून म्हणाल्या, "येते मी." आणि वळल्या.

लिफ्ट आली. वरच्या मजल्यावरच्या एक बाई आत होत्या, त्यांनी बाजूला सरकून विचारलं, "अमेय नाही आला सोडायला?" मला वाटलं आता ह्या कोसळतील. लिफ्टचं दार सरकायला लागलं, आणि त्या फटीतून मला काकूंचा चेहरा दिसला, ओला, हाडं वर आलेला. मुलाचा दहावीचा निकाल सांगावा तशा आवाजात त्या त्या बाईंना सांगत होत्या, "विचारलं मी त्याला. नाही म्हणाला!"